हार्डविकसाहेबांची वाकडी रॅकेट

७ डिसेंबर २००८, रविवार. शारजा

अनुराधा म्हणाली, "बाबा, दिवसभर काळजी घोकत बसण्यापेक्षा लिहून काढा, डोकं हलकं होईल." तिच्या शाळेत मिळालेली या वर्षाची डायरी तिने मला दिली. वर्ष संपत आलं आणि डायरी कोरीच होती. सून मला कधी रिकाम्या हाताने उपदेश करत नाही, हे तिचं बरं आहे.

मी सातवी नापास. पण अक्षर चांगलं आहे. बेळगावच्या जिमखान्यात मी मार्कर होतो. रोज सकाळी फळ्यावर मेंबरांची नावं आणि कोर्टाचे नंबर लिहायचं काम माझंच. मार्कर म्हणजे चुन्याने कोर्ट आखणारा, चेंडू सांभाळणारा, मेंबर कमी पडला की समोर उभं राहून खेळणारा आणि रॅकेटींचं गटिंग, म्हणजे जाळीत तात भरायचं काम, करणारा. धनंजय इथे सगळ्यांना सांगतो, "वडील क्लबात होते." पुढे बोलत नाही. मीही बोलत नाही.

आमच्या इमारतीची लिफ्ट आता बटण दाबलं की लगेच येते. पूर्वी उशीर लागायचा तेव्हा मी कुरकुर करायचो. आता लगेच येते म्हणून जीव घाबरतो. माणसं गेली कुठे? समोरच्या घरातलं कुटुंब दिवाळीला गावी गेलं ते आलंच नाही.

उद्या बकरी ईद. संध्याकाळी राजन, म्हणजे धनंजयचा मालक, खाली गाडी घेऊन आला. वर आला नाही. धनंजय त्याच्या गाडीत बराच वेळ बसला होता, मी गॅलरीतून पाहत होतो. वर आल्यावर जेवला नाही. पित्त झालं म्हणाला. मी आलं-लिंबू दिलं.

१० डिसेंबर, बुधवार

आज जेवताना धनंजयने स्वतःहून सांगितलं. प्रदर्शनातले स्टॉल बांधायचा राजनचा धंदा आहे, औद्योगिक क्षेत्रात वर्कशॉप आहे, धनंजय तिथे सुपरवायझर. गेल्या वर्षापर्यंत इमारती विकणाऱ्यांची इतकी प्रदर्शनं व्हायची की मुलगा शुक्रवारीसुद्धा घरी नसायचा. आता इमारतींनाच गिऱ्हाईक नाही, तर स्टॉल कोण बांधून घेणार? सगळी कामं रद्द झाली. एकच उरलं आहे. अबुधाबीला हार्डविक नावाचे एक म्हातारे इंग्रज साहेब आहेत. तेल कंपनीतून रिटायर झालेले. त्यांना जुन्या टेनिस रॅकेटी जमवायचा नाद आहे. फेब्रुवारीत एका हॉटेलच्या लॉबीत त्या मांडणार आहेत. काचेची कपाटं आणि बाकी सगळी मांडणी राजनकडे.

"हे काम चांगलं झालं तर साहेब पुढे मोठा हॉल करून घेणार आहेत," धनंजय म्हणाला. "मग राजन मला सोडणार नाही."

अनुराधाने विचारलं, "आणि नाही झालं तर?"

"वरण वाढ," तो म्हणाला.

धनंजयच्या नोकरीवर त्याचा व्हिसा, आणि त्याच्या व्हिसावर आमचे तिघांचे. एक पाय निघाला की चारी पाय निघाले. मी देवाला सांगितलं, बाबा रे, हा साहेब खूश होऊ दे. मग आठवलं की साहेब लोकांना खूश करण्यातच माझा जन्म गेला आहे. देवाला मध्ये कशाला घालायचं?

१८ डिसेंबर, गुरुवार

रॅकेटी आमच्या घरी आल्या! वर्कशॉपमध्ये धूळ फार, आणि तिथला एसी राजनने विकून टाकला. म्हणून साहेबांच्या दोन पेट्या धनंजयने घरी आणल्या. माझ्या खोलीत ठेवल्या.

मी पेटी उघडून पाहिली. जिमखाना सुटल्यापासून लाकडी रॅकेट हातात आली नव्हती. वास तोच. लाकूड, व्हार्निश आणि तात. आतड्याची तात जुनी झाली की तिला एक आंबूस वास येतो, तो मला झोपेतही ओळखता येईल. बऱ्याच रॅकेटी चांगल्या आहेत. पण तीन फार जुन्या आहेत आणि त्या तिन्हींची डोकी एका बाजूला झुकली आहेत. मान मुरगळलेल्या कोंबडीसारखी. वर तात तुटून लोंबते आहे. अशा वाकड्या रॅकेटी काचेत मांडल्या तर लोक हसतील, साहेब चिडतील आणि खापर धनंजयच्या डोक्यावर फुटेल.

१९ डिसेंबर, शुक्रवार

धनंजय पहाटेच अबुधाबीला गेला. मापं घ्यायची आहेत, आठवडाभर तिथेच कोणाकडे तरी राहील. जाताना बूट घालता घालता म्हणाला, "बाबा, त्या रॅकेटी तेवढ्या नीट करून ठेवा हां. तुम्हाला त्यातलं कळतं."

म्हणजे त्यालाही दिसलं आहे. बोलून दाखवत नाही, पण मुलाला बापाचं कसब माहीत आहे. एवढ्या वर्षांत त्याने मला पहिल्यांदा माझं काम सांगितलं. डोळ्यांत पाणी आलं, ते कांद्यावर ढकललं.

दुपारी नात शुभ्रा कॉम्प्युटरवर बसली होती. तिला म्हटलं, जुन्या टेनिसचं काही आहे का बघ तुझ्या त्यात. ती वाचत गेली आणि जमेल तसं मराठी करून सांगत गेली. पहिल्यांदा म्हणे फ्रान्समध्ये लोक तळहातानेच चेंडू मारायचे. मग हात सुजायला लागले तेव्हा हातमोजा आला, मग फळी, मग रॅकेट.

"आजोबा, some people say racket is an Arabic word. राहा. Arabic मिस सांगतात, राहा means palm."

"तळहात?"

"हो. And rest also. आराम."

आराम माझ्या तळहातात कधी नव्हता, तेव्हा हे खोटं असणार. तिने एक जुनं चित्र दाखवलं. झगेवाले साहेब, हातात रॅकेट, आणि तिचंही डोकं वाकडं! मी म्हटलं, चित्रकाराला काढता आलेलं नाही. घोडेसुद्धा असेच काढतात हे लोक.

२० डिसेंबर, शनिवार

राजनच्या वर्कशॉपमधला सुतार वली आज घरी आला. पेशावरकडचा आहे, मोठा गमत्या माणूस. त्याला मीच फोन करून लाकूड आवळून धरायचे दोन शिकंजे मागवले होते. टॅक्सीला बारा दिरहम लागले म्हणाला. दीडशे रुपये झाले. मी देत होतो, त्याने घेतले नाहीत.

चहा पिता पिता तिन्ही रॅकेटी त्याने जमिनीवर ओळीने मांडल्या. "चाचा, तीनों एक ही तरफ़ टेढ़े हैं."

"एकाच पेटीत शंभर वर्षं एका कुशीवर पडल्या होत्या, म्हणून," मी म्हटलं.

"तो पेटी भी टेढ़ी होगी," असं म्हणून तो खो खो हसला. मग म्हणाला, "आप उस्ताद हो, आप जानो."

रॅकेट वाफेवर धरायला मोठं भांडं हवं. अनुराधाचं मोदकपात्र घेतलं.

२३ डिसेंबर, मंगळवार

सगळ्यात वाईट होती ती रॅकेट आधी घेतली. सडलेली तात कापून कचऱ्यात टाकली. डोकं ओल्या पंच्यात गुंडाळून मोदकपात्रावर शेकलं, लाकूड मऊ झालं तसं हळूहळू ओढून दोन पाटांमध्ये घातलं आणि शिकंजे आवळले. एका वेळी एकच होते. बाकीच्या दोन पुढे बघू.

अनुराधा शाळेतून आली आणि दारातच थबकली. "बाबा, हा कसला वास?"

"विलायती लाकूड."

"माझ्या मोदकपात्रात?"

मी म्हटलं, "धनंजयसाठी चाललं आहे." तिने खिडकी उघडली. हल्ली ती धनंजयचं नाव निघालं की गप्प होते. शाळेनंतर तिने दोन शिकवण्या धरल्या आहेत. हौस म्हणून, असं सांगते.

दिवसातून कितीदा तरी पाटाखाली डोकावतो. भीती वाटते. लाकूड जुनं आहे, तडकलं तर?

२५ डिसेंबर, गुरुवार

तडकलं नाही. शिकंजे काढले आणि रॅकेट जमिनीवर आडवी ठेवून पाहिली. ओळंब्यात! जिमखान्याचे सेक्रेटरी असते तर म्हणाले असते, दत्ताराम, हात आहे की जादू. म्हणजे ते कधी म्हणाले नाहीत, पण म्हणाले असते.

इथल्या रोला बाजारातल्या एका दुकानातून नायलॉनची तात आणली. आतड्याची इथे मिळत नाही. आरी आणि दोन खिळे एवढ्यावर गटिंग केलं. बोटं कापली. मग जवसाचं तेल दिलं. जुने काळे डागही घासून काढले. काल कारखान्यातून आल्यासारखी दिसते.

२८ डिसेंबर, रविवार

धनंजय काल आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मला वाटलं पेटी उघडून बघेल. त्याने फक्त विचारलं, "नीट केल्यात ना, बाबा?"

"केल्या."

"थँक यू," तो म्हणाला आणि झोपायला गेला. परवा साहेब स्वतः वर्कशॉपमध्ये येऊन सगळं तपासणार आहेत. मी म्हटलं, मीही येतो. तो नको म्हणेल असं वाटलं होतं. "या," म्हणाला. पांढरी पॅंट अनुराधाकडून इस्त्री करून घेतली.

३० डिसेंबर, मंगळवार

साहेब आले. माझ्याच वयाचे असतील, उंच, कानाला यंत्र. काचेची कपाटं पाहिली, मान डोलावली. मग टेबलावर रॅकेटी मांडल्या होत्या तिकडे गेले. एक एक उचलून पाहत होते. माझ्या रॅकेटीपाशी थांबले. बंदूक धरतात तशी डोळ्यापुढे धरली. खाली ठेवली. परत उचलली. तातेवर नख मारून पाहिलं. आवाज छान आला.

मग म्हणाले, "हू डिड धिस?"

एवढं इंग्रजी मला कळतं. मी हात वर केला. "मी, सर. मार्कर. बेळगाव."

"मार्कर?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला कॉलर नीट करावीशी वाटली. मग काही न बोलता ते बाहेर गेले आणि गाडीत दार उघडं ठेवून, पाय बाहेर सोडून बसले. साहेब लोक तोंडावर कौतुक करत नाहीत. आवडलं की गप्प होतात. हे तर फारच वेळ गप्प होते.

धनंजयचा चेहरा पांढरा पडला होता. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं त्याने. राजन डोक्याला हात लावून म्हणाला, "खलास."

म्हणजे काम पुरं झालं. मी वलीला विचारलं, "साहब खुश?"

वली म्हणाला, "चाचा, चाय पियो."

४ जानेवारी २००९, रविवार

डायरीच्या मागे कोरी पानं आहेत, तिथे लिहितो.

धनंजय घरीच आहे. "सुट्टी आहे," म्हणाला. उशिरा उठतो, माझ्याशी बोलत नाही, टीव्हीवर आवाज न लावता बातम्या बघतो. अनुराधा सुपरमार्केटमधून रिकामे खोके आणते. साफसफाई काढली आहे म्हणते. मी मनात म्हटलं, साहेबांनी मोठ्या हॉलचं काम दिलं असेल, राजन मोठं घर देत असेल. पण मग कोणी हसत का नाही?

दुपारी शुभ्राला म्हटलं, साहेबांना इंग्रजीत एक पत्र लिहून दे. म्हणावं, काम पसंत पडलं असेल तर दोन ओळींचा दाखला द्या. धनंजयच्या उपयोगी पडेल.

"आजोबा, please don't."

"का गं?"

ती रडायला लागली. मग डोळे पुसत म्हणाली, "त्या वाकड्याच होत्या. They made them like that. मुद्दाम!"

मला आधी कळलंच नाही. तिने परत सांगितलं. त्या काळी चेंडू फार उसळत नसत. जमिनीलगतचा चेंडू खालून उचलता यावा म्हणून रॅकेटीचं डोकं एका बाजूला वाकवून घडवायचे. त्या तिन्ही रॅकेटी तशाच घडवलेल्या. अशा रॅकेटी आता फार थोड्या उरल्या आहेत. त्यांतली एक मी मोदकपात्रावर शेकून सरळ केली.

५ जानेवारी, सोमवार

आज धनंजयला विचारलं, "तू मला आधी का नाही सांगितलंस?"

तो टीव्हीसमोरून उठला आणि असा ओरडला की शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. "काय सांगू? तुम्ही हात लावाल हे मला कुठे माहीत होतं? मी नीट करून ठेवा म्हणालो होतो. नीट! म्हणजे व्यवस्थित ठेवा, शुभ्राचा हात लागेल, पाणी सांडेल, म्हणून! सरळ करा म्हणालो होतो का मी?"

"आम्ही वाकडी वस्तू सरळ करण्यालाच नीट करणं म्हणतो," मी म्हटलं.

"आम्ही म्हणजे कोण? मार्कर?"

अनुराधा म्हणाली, "धनंजय, पुरे." पण त्याचं सुरूच. "संपलं सगळं! तुमच्या त्या कसबापायी संपलं. आता जाऊ सगळे बेळगावला आणि रॅकेटी सरळ करू!"

शुभ्राने तिच्या खोलीचं दार लावून घेतलं. मी माझ्या खोलीत आलो. जेवायला बोलावलं तेव्हा भूक नाही म्हटलं. खरं तर होती.

७ जानेवारी, बुधवार

दुसरं काही सुचत नाही. पायाशी पडणारा चेंडू मी कसा उचलायचो, ते आज हात हलवून पाहिलं. मनगट मोडून, रॅकेट खाली झुकवून. प्रत्येक नव्या मेंबराला मी तेच शिकवायचो: मनगट वाकवा, साहेब. त्या जुन्या कारागिरांनी मनगटाऐवजी लाकूडच वाकवलं होतं. किती साधी गोष्ट. एकदा जरी त्या रॅकेटीने हवेत चेंडू मारून पाहिला असता तरी कळलं असतं. मी तिच्याकडे फक्त बघितलं. मेंबर लोक माझ्याकडे बघायचे तसं.

माझ्या एका चुकीपायी मुलाची नोकरी गेली. नातीची शाळा जाणार. हे लिहून डोकं हलकं होत नाही. अनुराधाला सांगायला हवं.

१० जानेवारी, शनिवार

कोणाला न सांगता वर्कशॉपमध्ये गेलो. साहेबांनी बाकीच्या रॅकेटी नेल्या, माझी नेली नाही. ती टेबलावर एकटीच पडली होती. मी स्टोव्ह मागितला. म्हटलं, परत वाफ देतो आणि होती तशी वाकवतो.

वलीने रॅकेट माझ्या हातातून काढून घेतली. "नहीं चाचा. अब ये टूट जाएगी."

"मग मी काय करू?"

"कुछ मत करो. ये सबसे मुश्किल काम है, मालूम है."

पलीकडे राजन मोठी करवत एका माणसाला दाखवत होता. विकायची असावी. माझ्याकडे बघून हात जोडल्यासारखं केलं आणि पुन्हा करवतीकडे वळला. मी त्याची माफी मागायला गेलो तर म्हणाला, "अंकल, घर जाओ. आपका कुछ नहीं." भला माणूस आहे. मी त्याचा धंदा बुडवला आणि तो मला असं म्हणतो.

वलीने रॅकेट जुन्या कापडात गुंडाळून माझ्याबरोबर दिली.

२१ जानेवारी, बुधवार

गेले काही दिवस सकाळी दाट धुकं पडतं. गॅलरीचा कठडा ओला होतो. रॅकेट गॅलरीच्या दाराशी खिळ्याला टांगली आहे. तिची तात मी काढून टाकली. ती ताणलेली पाहवत नव्हती.

धनंजय मुलाखतींना जातो. आल्यावर पाणी पितो आणि मला विचारतो, "गोळी घेतलीत?" एवढंच बोलणं.

२४ जानेवारी, शनिवार

आज रॅकेट उतरवून पाहिली. डोकं जरा हललं आहे. डावीकडे. मला वाटलं डोळ्यांचा दोष. दाराच्या चौकटीला लावून पेन्सिलीने रेघ मारली.

२७ जानेवारी, मंगळवार

डोकं रेघेच्या पुढे गेलं. रॅकेट परत वाकडी होते आहे! दमट हवेत लाकूड आपल्या जुन्या वळणावर चाललं आहे. मी केलेलं काम उलगडतं आहे.

खरं लिहितो. आनंद व्हायला हवा होता, पण आधी राग आला. माझ्या हातची रॅकेट एवढ्या वर्षांत परत वाकली नव्हती. शिकंज्यात अजून ठेवायला हवी होती, घाई झाली, असंच पहिलं मनात आलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

शुभ्राला दाखवली. ती ओरडलीच, "आजोबा! It's going back!" तिने फोटो काढला. कोणाला सांगू नकोस म्हटलं. तिने तोपर्यंत धनंजयच्या ईमेलवरून साहेबांना पाठवलासुद्धा.

३० जानेवारी, शुक्रवार

हार्डविकसाहेब आमच्या घरी आले. स्वतः गाडी चालवत अबुधाबीहून. अनुराधाने पोहे केले. साहेबांनी मिरच्या बाजूला काढून खाल्ले.

रॅकेट हातात घेऊन त्यांनी पुष्कळ वेळ फिरवून पाहिली. मग बोलले, आणि शुभ्राने मला सांगितलं. लाकूड बरंचसं परत आलं आहे, अजून येईल. प्रदर्शनात ठेवता येईल. पण तात गेली ती गेली, आणि डाग घासायला नको होते. त्या डागांत खेळणाऱ्याचा हात होता. मी मान खाली घातली. "सॉरी, सर," म्हटलं. पुढचं इंग्रजी मला येत नव्हतं. माझं सगळं इंग्रजी म्हणजे थर्टी ऑल, ड्यूस आणि आउट.

साहेबांनी विचारलं, "मार्कर?" म्हणजे खरंच तुम्हाला तसंच म्हणायचे का? मी हो म्हटलं. तेव्हा ते जरा हसले. रॅकेट फळीसारखी होती त्या काळापासून, त्यांनी सांगितलं, कोर्टाच्या कडेला उभं राहून चेंडू कुठे पडला त्याची खूण करणारा एक माणूस असे. राजे खेळत असले तरी निकाल त्याचाच. त्याला मार्कर म्हणत. धनंजय दाराशी उभा राहून ऐकत होता.

मी शुभ्राला म्हटलं, साहेबांना विचार, आता धनंजयची नोकरी राहील का? तिने माझ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि साहेबांना आणखी चहा हवा का ते विचारलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

धनंजयला फुजैऱ्याला काम मिळालं. बंदरावर, तेलाच्या टाक्यांच्या कंपनीत, स्टोअर बघायचं. पगार कमी, आणि राहायचं चौघांनी एका खोलीत. घरचे नेता येणार नाहीत. शुभ्राची परीक्षा मार्चमध्ये संपली की अनुराधा, ती आणि मी बेळगावला. खोके कशासाठी होते ते आता कळलं. अनुराधा मसाल्याचे डबे कागदात गुंडाळत होती. मी तिला म्हटलं, "माझ्यामुळे गं हे." ती म्हणाली, "बाबा, तो डबा द्या इकडे." एवढंच.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज आम्ही चौघं अबुधाबीला प्रदर्शन पाहून आलो. मी येत नव्हतो. धनंजय म्हणाला, "चला, बाबा. मी केलेली कपाटं तरी बघा."

हॉटेल असं की चपला काढाव्याशा वाटतात. लॉबीत माणसं फारशी नव्हती. कपाटं फार सुंदर झाली आहेत, हे मी बाप म्हणून लिहीत नाही. तिन्ही वाकड्या रॅकेटी एकाच काचेत होत्या. दोन तातेच्या आणि मधली उघडी. मी वाकून पाहत होतो तेवढ्यात एक सुटाबुटातला माणूस बायकोला म्हणाला, "देखो, बीचवाला भी बिल्कुल टेढ़ा है. कारीगर कच्चा था."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "नहीं, साहब. ऐसा ही होता है. नीचे का बॉल उठाने के लिए." आणि मनगट वाकवून दाखवलं. ते दोघं जरा मागे सरकले आणि निघून गेले.

मधलीचं डोकं शेजारणींपेक्षा अजून नखभर सरळ आहे. मला दिसलं. साहेबांनाही दिसलं असणार.

धनंजय माझ्या मागे उभा होता. म्हणाला, "बाबा, एक सांगायचं आहे. राजनने मला ईदच्या आदल्या दिवशीच सांगितलं होतं. हे शेवटचं काम, मग बंद. मोठा हॉल वगैरे काही नव्हता. त्या हॉलला पैसे देणाऱ्या बँकेने तो केव्हाच रद्द केला होता."

मी विचारलं, "म्हणजे रॅकेट सरळ केली नसती तरी?"

"तरी."

"आणि अनुराधाला माहीत होतं?"

"नंतर सांगितलं तिला."

"मग माझ्यावर ओरडलास ते?"

त्याने काचेवरचा बोटाचा डाग रुमालाने पुसला. मग म्हणाला, "कोणावर तरी ओरडायला हवं होतं, बाबा. राजनवर ओरडून उपयोग नव्हता, तोच बुडालाय. बँकेवर कोण ओरडणार? तुम्ही समोर होतात."

मला राग यायला हवा होता. सगळा जानेवारी मी त्या एका ओझ्याखाली काढला. पण त्याच्या मानेवरचं हाड मला दिसलं, शर्टाच्या कॉलरमधून वर आलेलं. डिसेंबरपासून हा मुलगा हे एकटाच घेऊन फिरत होता आणि मी त्याला आलं-लिंबू देत होतो.

मी म्हटलं, "मार्चपर्यंत मी आहे इथे. आणखी ओरडायचं राहिलं असेल तर ओरडून घे. फुजैऱ्याला त्या तिघांवर ओरडलास तर खोलीतून बाहेर काढतील."

तो हसला. मग काचेकडे तोंड करून उभा राहिला, आणि अनुराधा शुभ्राला घेऊन बोलवायला आली तरी वळला नाही. मी त्यांना हाताने खूण केली, थांबा जरा.